बांधापाशी थांबलेले रस्ते

नांदेडहून लातूरला निघालेली एसटी तीस-पस्तीस किलोमीटरवर लोह्यात थांबते. शेजारच्या कंधारकडे राष्ट्रकूटकालीन किल्ला आहे, जगत्तुंग सागर आहे. लोह्याकडे आहे तो रस्ता. एकेकाळी कंधार तालुक्यातलेच हे गाव. आज ते स्वतः तालुक्याचे ठिकाण आहे, येथे नगरपरिषद आहे आणि विधानसभा मतदारसंघालाही त्याचेच नाव आहे.

तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत बुटीबोरीला पोहोचणारा राष्ट्रीय महामार्ग 361 येथूनच जातो. त्याच्या चौपदरीकरणात चाकूर-लोहा आणि लोहा-वारंगा असे दोन टप्पे पाडले गेले. म्हणजे कागदावरही दोन टप्प्यांचा सांधा लोह्यातच आहे. रस्ता रुंदावला की कडेच्या शेताचा भाव एकराऐवजी चौरस फुटात सांगितला जातो. लोह्याचा खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

गावाबाहेरचे एखादे प्लॉटिंग पाहा. कालपर्यंत तिथे कापूस किंवा सोयाबीन होते. आज चुन्याच्या रेषा मारल्या आहेत, कोपऱ्याकोपऱ्यावर दगड रोवले आहेत आणि मधोमध मुरूम टाकलेला रस्ता आहे. हा रस्ता सरळ जातो आणि शेजाऱ्याच्या बांधावरल्या बाभळीपाशी संपतो. पलीकडे वर्षभराने दुसरे प्लॉटिंग पडते, त्याचा रस्ता चार हात बाजूला निघतो. दोघांची गाठ पडतच नाही. मग शाळेत जाणाऱ्या मुलापासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळ्यांना महामार्गावरूनच वळसा घालावा लागतो. गल्लीची रहदारी भरधाव ट्रकांच्या वाटेत येते.

त्यात आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. नालीशिवाय टाकलेला मुरूम दोन पावसाळ्यांत खाली बसतो. शेतातला ओढा बुजवून प्लॉट पाडला, तर पाणी घरात शिरणारच. त्याला दुसरी वाट उरलेली नसते.

यावरचे औषध नवे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 मध्ये झाला. त्याखाली होणाऱ्या विकास आराखड्यात रहिवास, बाजार, उद्योग, शेती यांच्या जागा ठरतात, रस्त्यांच्या रेषा पडतात, शाळा-मैदानांसाठी आरक्षणे टाकली जातात. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात 10 टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. पण आरक्षणाची जमीन 10 वर्षांत ताब्यात आली नाही, तर 1966 च्या अधिनियमाच्या कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण उडते. मैदान असे नकाशावरून पुसले जाते. गुंठ्यागुंठ्याने पाडलेले बेकायदा प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा 2001 चा कायदाही आधी घरे, मग रस्ते या आपल्या सवयीचीच कबुली आहे. पुढे त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली.

मोकळ्या जागेची किंमत या तालुक्याला वेगळी सांगायला नको. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे, लाल कंधारी बैल उतरतात, राहुट्या पडतात. एवढा मेळा सामावतो, कारण माळ अजून मोकळा आहे. लोहा शहराला बाजाराचा तळ, मैदान, ट्रक उभे करण्याची जागा अशीच आधी राखून ठेवावी लागेल. नांदेड-लातूर रोड रेल्वेमार्गाच्या चर्चेतही लोह्याचे नाव आहे. रूळ आले की जमिनीचे भाव पुन्हा उसळतील आणि तेव्हा रुंद रस्त्याला जागा मागणे आणखी महाग पडेल.

माझे मत स्पष्ट आहे: नव्या रेखांकनाला मंजुरी देताना त्याचा रस्ता शेजारच्या गटातून पुढे कुठे जाणार, हे नकाशावर दाखवल्याशिवाय सही होऊ नये. महामार्गाला समांतर एक आतला रस्ता हवा. ओढ्यांचे काठ बांधकामातून वगळले जावेत. घरे होण्याआधी हे फारशा खर्चाशिवाय होते, नंतर घरे पाडावी लागतात.

प्लॉट घेणाऱ्यांनी केवळ सात-बारा पाहून थांबू नये. मंजूर रेखांकन आणि झोन दाखला मागा, रस्ता कुठवर जातो ते स्वतः चालून पाहा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतीसाठी 30 दिवस मिळतात. त्या 30 दिवसांत नगरपरिषदेत जाऊन नकाशा बघा, आपली हरकत लेखी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.