खारपाणपट्ट्यातला इलेक्ट्रॉन

2017च्या पावसाळ्यात यवतमाळ आणि शेजारच्या जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले आणि ‘कोलिनेस्टरेज’ हा शब्द पऱ्हाटीच्या बांधापर्यंत पोचला. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकं हेच विकर निकामी करतात. ते विकर इलेक्ट्रोडवर बसवून पाण्यातलं विष ओळखणाऱ्या पट्ट्यांवर जगभर काम झालं आहे. विष आलं की विकर थंडावतं, वीजप्रवाह घटतो. काही पट्ट्यांत कार्बनवर कोबाल्ट थॅलोसायनिन चिकटवतात. इलेक्ट्रॉन पुढे पोचवायचं काम त्याचं. ते किती चपळाईनं होतं, हे मोजल्याखेरीज पट्टीवर भरवसा ठेवता येत नाही.

रेणू पृष्ठभागाला चिकटलेला असला की त्याच्या येण्याची वाट पाहावी लागत नाही. सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत व्होल्टेज ठरावीक वेगानं (स्कॅन रेट) चढवून परत उतरवतात. द्रावणात हिंडणाऱ्या रेणूंचा शिखरप्रवाह स्कॅन रेटच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, चिकटलेल्यांचा थेट स्कॅन रेटच्या. सावकाश स्कॅनला चढती-उतरती शिखरं एकाखाली एक येतात. घाई केली की फाकतात. या फाकण्यावरून इलेक्ट्रॉनच्या चपळाईचा आकडा, म्हणजे वेगस्थिरांक, काढायची रीत लाव्हिरों यांनी 1979मध्ये दिली. रीत सोपी आहे, म्हणूनच ती डोळे मिटून वापरली जाते.

1991मध्ये बेल लॅब्जमधल्या चिडसी यांनी सोन्यावर लांब कार्बनसाखळीच्या टोकाला फेरोसीन टांगून इलेक्ट्रॉनच्या या देवाणघेवाणीचा वेग वेगवेगळ्या व्होल्टेजला आणि तापमानाला मोजला. व्होल्टेज वाढवत गेल्यावर वेग लाव्हिरोंच्या रीतीमागच्या जुन्या बटलर-व्होल्मर सूत्राप्रमाणे वाढतच न जाता मंदावत सपाट होऊ लागला. मार्कस यांच्या इलेक्ट्रॉन-हस्तांतरणाच्या सिद्धांतातून हेच निघत होतं. मार्कस यांना पुढल्याच वर्षी नोबेल मिळालं. नंतरच्या मोजमापांतून साखळीत एक कार्बन वाढला की वेग साधारण अडीच-तीन पटींनी घटतो, हेही पक्कं झालं.

आता वऱ्हाडातलं पाणी घ्या. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा आहे. दर्यापूरकडच्या विहिरीचं पाणी क्षारांनी भरलेलं, मेळघाटातल्या झऱ्याचं त्यामानानं गोडं. गोड्या पाण्याचा विद्युतरोध जास्त. 10 मायक्रोअँपिअर प्रवाह 1000 ओहम रोधातून गेला, की 10 मिलिव्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि शिखरं तेवढी सरकतात. चिकटलेल्या रेणूंचा प्रवाह स्कॅन रेटबरोबर वाढतो, म्हणून ही चूकही स्कॅन रेटबरोबर वाढत जाते. लाव्हिरोंचं सूत्र ती ‘इलेक्ट्रॉन मंद आहे’ अशी वाचतं! म्हणजे तीच पट्टी मेळघाटात सुस्त आणि दर्यापुरात तरतरीत दिसेल, रेणूत मात्र काहीच बदललेलं नसेल. खारं पाणी तरी बरं असं नाही: इलेक्ट्रोड सोन्याचा असेल तर क्लोराइड त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि क्षारांनी विकराचा वेगही बदलू शकतो.

उपाय माहीत आहेत. इलेक्ट्रोड लहान करा; प्रवाह घटला की चूकही घटते. वीज वाहण्यासाठी द्रावणात घातलेल्या पोटॅशियम क्लोराइडचं प्रमाण बदलून पाहा. शिखरांतलं अंतर त्यासोबत बदललं तर दोष बहुतेक द्रावणाचा. एसी इम्पिडन्सनं द्रावणाचा रोध वेगळा काढा. माझ्या मते प्रबंधात वेगस्थिरांक छापताना शेजारी हा रोध छापणं सक्तीचं हवं. हे मोजणारा पोटेन्शियोस्टॅट कितीही महागडा असला, तरी हा आकडा बाजूला नसताना वेगाचा आकडा कशाचा, हे परीक्षकाला सांगता येणार नाही.