पहिला पुरावा कोणाच्या पैशाने?

सरकारी अनुदानासाठी अर्ज करणाऱ्या वैद्यकीय संशोधकाला तज्ज्ञांची समिती एक प्रश्न हमखास विचारते. तुमची कल्पना खरी ठरेल असे मानायला आज तुमच्या हाताशी काय आहे? याचे उत्तर द्यायचे तर थोडेफार काम आधीच झालेले हवे. त्यासाठी सूक्ष्मदर्शक, नमुने, मदतनिसाचा पगार, म्हणजे पैसा हवा. आणि पैसा तर पुराव्याशिवाय मिळत नाही! यात समितीला दोष देता येणार नाही. जनतेच्या पैशाचा हिशेब तिला द्यावा लागतो. हा पेच पुष्कळदा खासगी न्यासाच्या पैशाने सुटतो. तो कसा, हे पाहायला आपण परळला जाऊ.

१९३१ साली मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी यांनी या रोगावरील संशोधनासाठी एक न्यास स्थापन केला आणि त्याच वर्षी तेही गेले. सर दोराबजी टाटा न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू केले. खाटा होत्या ८०. पण रुग्णालयाबरोबर प्रयोगशाळाही उभी राहिली, हे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. विकृतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. वसंत रामजी खानोलकर तिचे प्रमुख झाले.

कर्करोगाच्या शेकडो रुग्णांच्या नोंदी आणि ऊतींचे काप एका छपराखाली येऊ लागले, की एकट्या रुग्णात न दिसणारी गोष्ट दिसू लागते. १९४५ साली खानोलकर व त्यांच्या सहकारी यांनी अमेरिकेतील एका नियतकालिकात भारतीयांच्या सवयींशी जोडलेले तीन कर्करोग वर्णिले. तंबाखू-चुन्याची गोळी खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत धरून ठेवणाऱ्यांना नेमका तेथेच होणारा. चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांना टाळूला होणारा. आणि घट्ट बांधलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणाने कमरेच्या त्वचेला होणारा. सवय जेथे त्वचेला भिडते, तेथेच रोग उगवतो! विद्यार्थ्यांना कार्यकारणभाव समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. ओठातल्या तंबाखूचे तर ते आजही कामाचे आहे.

या सात वर्षांनंतर, १९५२ साली, परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले. त्याचे प्रमुखही खानोलकरच. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे अमेरिकेत जाऊन पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकल्या होत्या. त्यांनी या केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. १९५७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णालय ताब्यात घेतले, १९६२ साली रुग्णालय व संशोधन केंद्र अणुऊर्जा विभागाकडे गेले आणि १९६६ साली दोन्ही मिळून टाटा स्मारक केंद्र झाले. तेव्हापासून त्याचा मुख्य भार सरकारी तिजोरीवर आहे. सरकारपुढे कल्पनेचा कागद नव्हता. चालती प्रयोगशाळा, नोंदी आणि शिकलेली माणसे होती. एवढा पुरावा पाहिल्यावर निर्णय घेणे सोपे जाते, असे आम्हांला वाटते.

(रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे कसे, असे विद्यार्थी विचारतील. कर्करोगावर किरणोपचार करतात, त्यामुळे नाते जवळचे. शिवाय विभागाचे प्रमुख डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे. त्यांनीही १९४४ साली याच न्यासाला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेसाठी मदत मागितली होती. १९४५ साली ती संस्था सुरू झाली आणि पुढे तिचाही खर्च प्रामुख्याने सरकारच उचलू लागले.)

या वाटेला एक खोच आहे. परळचे रुग्णालय उभे राहिले, त्याच्या मुळाशी एका श्रीमंत घरातला मृत्यू होता. सर्पदंशाने मरतो तो बहुधा शेतमजूर; त्याच्या घरच्यांना न्यास काढता येत नाही. दाता आपल्या दुःखाचा आजार निवडतो, पहिला पुरावा त्याच आजाराचा जमतो, आणि सरकारी समितीपुढे तोच अर्ज भरभक्कम दिसतो. मागे राहिलेला आजार कमी महत्त्वाचा असतो असे नाही.

२००८ साली केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम न्यास यांनी मिळून वैद्यकीय व जैविक संशोधनासाठी पाठ्यवृत्त्या सुरू केल्या. आरंभी दोघांचा वाटा समसमान होता. येथे दात्याचा पैसा आधी आणि सरकारचा मागून, असा क्रम राहिला नाही. आजार दाता नेमून देत नाही. संशोधक स्वतःचा प्रश्न घेऊन येतो. निवड समितीपुढे मात्र त्यालाही सांगावे लागते, की आज हाताशी काय आहे.