कवडसा पकडणारा माणूस

सिनेमा सुरू झाला की पडद्यावर नावांची रांग सरकत जाते. हिरो कोण, हिरॉइन कोण, गाणी कोणाची, एवढं आपण वाचतो. ‘छायालेखन’ या शब्दाखालचं नाव मात्र कितीजण वाचतात? खरं सांगा हं! आज त्या जागी झळकणाऱ्या एका नावाची ओळख करून घेऊ.

व्ही. के. मूर्ती यांचा जन्म १९२३ साली म्हैसूरला झाला. बंगलोरच्या पॉलिटेक्निकमध्ये छायालेखन शिकून ते मुंबईला आले. १९५१ साली ‘बाजी’ आला. गुरुदत्त यांनी दिग्दर्शित केलेला तो पहिलाच चित्रपट. मूर्ती त्यात कॅमेरामनच्या हाताखाली असिस्टंट होते. तरी एका गाण्याच्या वेळी धीर करून त्यांनी एक अवघड शॉट सुचवला आणि तो घेऊनही दाखवला. गुरुदत्त खूश! पुढच्याच ‘जाल’मध्ये (१९५२) मूर्ती मुख्य कॅमेरामन झाले. मग दोघांची जोडीच जमली.

‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्यात गीता दत्त यांनी गायलेलं एक गाणं आहे. रिकाम्या, अंधाऱ्या स्टुडिओत उंचावरून प्रकाशाचा मोठा झोत उतरतो आणि त्या झोताभोवती गुरुदत्त आणि वहिदा रहमान दिसतात.

असा झोत आणायचा कुठून? दिव्याचा प्रकाश पुढे जाताना पसरत जातो. सूर्य मात्र इतका दूर आहे, की त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात. पण सूर्य बाहेर आणि सेट आत! मूर्तींनी दोन मोठे आरसे घेतले. एक बाहेर उन्हात, दुसरा आत उंचावर. बाहेरच्यानं ऊन आत फेकलं, आतल्यानं ते खाली सोडलं. झाला झोत तयार!

आणि सिनेमा? सपशेल पडला. मूर्तींना ‘फिल्मफेअर’ मिळालं, पण थिएटरं ओस पडली. त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव कधीच लावलं नाही. मूर्ती मात्र कॅमेऱ्यामागून हलले नाहीत. ‘साहिब बीबी और गुलाम’साठी (१९६२) त्यांना पुन्हा ‘फिल्मफेअर’ मिळालं.

तुमच्या आईबाबांना दूरदर्शनवरची ‘तमस’ आणि ‘भारत एक खोज’ आठवत असेल. १९८८ च्या सुमाराच्या या दोन्ही मालिकांवर साठी ओलांडलेल्या मूर्तींनी काम केलं. गंमत म्हणजे, ‘तमस’चे दिग्दर्शक गोविंद निहलानी हे एकेकाळी मूर्तींचेच असिस्टंट! आपल्या शिष्याच्या हाताखाली काम करण्यात गुरूला कमीपणा वाटला नाही.

२०१० साली मूर्तींना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. हा मान मिळालेले ते पहिलेच कॅमेरामन. ‘कागज के फूल’ला तोवर पन्नास वर्षं उलटली होती, आणि एकेकाळी पडलेला तो सिनेमा आता जाणकार आवर्जून पाहत होते. २०१४ साली मूर्ती गेले.

कॅमेरामन व्हायचंय? पदवीनंतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये हे शिकता येतं. पण पहिला धडा आजच गिरवा, त्याला कॅमेराही लागत नाही. दुपारी खोलीत अंधार करा. दाराच्या फटीतून आलेला कवडसा छोट्या आरशावर घ्या आणि भिंतीवर नाचवा. (कोणाच्या डोळ्यांवर नको हं!) मोठ्यांना शेजारी उदबत्ती लावायला सांगा. धुरात प्रकाशाची वाट स्पष्ट दिसेल. थोड्या वेळानं कवडसा सरकलेलाही दिसेल.

आणि पुढचा सिनेमा पाहाल तेव्हा ते एक नाव नक्की वाचा. वाचाल ना?