जुनी फियाट घरी उभी करताना

जुनी गाडी घरच्या घरी दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणायला वर्षे लागतात. पैसा, वेळ, न मिळणारे भाग ही कारणे सगळ्यांना ठाऊक असतात. पण पार्किंगमध्ये अर्धवट पडून राहिलेल्या गाड्या पाहिल्या, तर बहुतेकींचे काम क्रम चुकल्यामुळे अडलेले दिसते. हौसेने आधी रंग दिला जातो, किंवा पहिल्याच महिन्यात सगळी गाडी सोडवून ठेवली जाते आणि मग काय कुठले तेच कळेनासे होते. म्हणून इथे मुख्यतः क्रम सांगतो, तोही आपल्याकडे सर्वांत जास्त भेटणाऱ्या गाडीचा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली ही फियाट 1100 पुढे डिलाइट झाली, मग काही काळ प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी. इंजिन 1089 सीसीचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला.

सुरुवात कागदांपासून. आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतो का, हे पैसे देण्याआधी स्वतः पाहा. 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे होऊन गेलेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. तिला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. मात्र अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. तेव्हा गाडी कशासाठी हवी, हे आधीच ठरवा.

आता पत्रा. या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे दाराखालचे पोकळ पाट, ज्यांना सिल म्हणतात, तेच गाडीचा भार पेलतात. पाणी निघून जायला त्यांना खालून भोके असतात. वर्षानुवर्षांच्या चिखलाने ती बुजतात, पावसाचे पाणी आत साचते आणि पत्रा आतून खात जातो. वरून रंग चकचकीत दिसतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिल ठोकत जा: चांगला पत्रा खणखणतो, पुट्टी भरलेली जागा बद्द वाजते. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवा; जिथे ते चिकटत नाही तिथे खाली पुट्टीच आहे असे समजा.

सडलेला सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल टाकून तो पक्का करून घ्या. ही पायरी गाळली तर कापताक्षणी बॉडी मध्ये किंचित दबते, आणि नवा पत्रा त्याच दबलेल्या स्थितीत जोडला गेला की दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. एका वेळी एकच बाजू करा. गंज संपून निकोप पत्रा लागेपर्यंत कापा, कारण गंजलेल्या कडेवर वेल्डिंग धरत नाही. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा लाटा मारतो. सीओटू वेल्डिंगने टाके टाके घालत, मध्ये थंड होऊ देत गेलात तर तो सरळ राहतो. प्रत्येक टप्प्याला दार लावून भोवतीची फट पाहा. पॅसेंजर बाजूची फट ड्रायव्हर बाजूसारखी दिसली की पुढे सरका. शेवटी रेड ऑक्साइड मारून थांबा. खरा रंग अजून लांब आहे.

कित्येक वर्षे बंद असलेले इंजिन बॅटरी लावून फिरवायला जाऊ नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असतात. स्टार्टरचा झटका बसला की रिंग मोडते. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि इंजिन ऑइल ओता आणि आठवडाभर विसरून जा. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटला पाना लावून अलगद पुढे-मागे करा. जोर लावायचा मोह होईल, तो आवरा. हलली नाही तर पुन्हा तेल, पुन्हा आठवडा. फिरू लागल्यावर कॉम्प्रेशन मोजा. चारही सिलिंडर जवळपास सारखे निघाले तर इंजिन उघडण्याची घाई नको.

ब्रेकला मात्र तडजोड नाही. चारही चाकांना ड्रम आहेत, आणि जुने ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेत असल्याने सिलिंडर आतून गंजतात. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर आणि रबरी होज नवेच घाला. पेट्रोलच्या नळ्याही बदला: आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि ते जुन्या रबराला खाते. तडकलेली वायरिंग जोडत बसण्यापेक्षा पूर्ण नवी ओढून घ्या.

सोडवाल तेवढेच जोडा, मग पुढचा भाग उघडा. उघडण्याआधी फोटो, काढलेला प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशवीत, आणि मोडका भागही टाकायचा नाही. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या चोर बाजारात दुकानदाराला तोच दाखवावा लागतो.

गाडी चालू झाली की रंगाआधी प्रायमरमध्येच काही शे किलोमीटर चालवा. गळती, खडखड, तापणे जे निघायचे ते याच काळात निघते, आणि नव्या रंगावर ब्रेक ऑइल सांडून तो फुगण्याचा धोका उरत नाही. रंग पावसाळ्यात देऊ नका. दमट हवेत एनसी पेंटवर पांढुरकी झाक बसते. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम.

एक विनंती. कानाने आवाज ऐकून कार्ब्युरेटर लावणारे, हाताने पत्रा ठोकून वळण काढणारे मिस्त्री आता थोडे उरले आहेत आणि बरेचसे उतारवयात आहेत. तुमच्या गाडीचे रंगकाम दोन वर्षे लांबले तरी चालेल. त्यांच्याकडचे काम आधी करून घ्या, आणि ते करत असताना शेजारी उभे राहून नीट बघून घ्या.