इंग्रजी ‘करी’ची तमिळ आई

तंजावरच्या ब्राह्मण घरात ‘वाळैक्काय करी’ म्हणजे कच्च्या केळ्याची कोरडी भाजी. मांसाहारी घरात नुसतं ‘करी’ म्हटलं की मटण. भातावर ओतायच्या पातळ कालवणाला वेगळं नाव आहे, कुळंबु. मग इंग्रजांची ‘करी’ रश्शात बुडाली कशी?

या शब्दाचा माग काढणाऱ्यांपैकी एक जण तंजावरलाच न्यायाधीश होता: आर्थर कोक बर्नेल. भोसल्यांचं राज्य 1855 मध्ये खालसा झालं, पण राजवाड्यातला सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह टिकला. तिथल्या संस्कृत हस्तलिखितांची बर्नेलने केलेली सूची 1880 साली छापून झाली. त्याच काळात हेन्री यूलसोबत तो भारतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा कोश रचत होता. 1882 मध्ये, अवघ्या 42व्या वर्षी तो वारला. यूलने काम तडीस नेलं आणि 1886 साली ‘हॉब्सन-जॉब्सन’ बाहेर पडला. मराठी माणसाने तो एकदा तरी चाळावा, इतका आपला संसार त्यात सापडतो.

कोश सांगतो की पोर्तुगीजांनी कानडी ‘करिल’ घेतला आणि तो गोव्यात रुजला. इंग्रजांनी तमिळ ‘करी’ उचलली. इंग्रजीतला एक जुना उल्लेख 1598 चा आहे, लिन्सखोटेन या डच प्रवाशाच्या पुस्तकाच्या अनुवादातला. 1583 ते 1588 तो गोव्यात होता. भातावर घ्यायच्या माशाच्या आंबूस कालवणाचं त्याने केलेलं वर्णन वाचून कोकणातल्या कुणालाही घरचं ताट आठवेल. या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचं संपादनही बर्नेलने हाती घेतलं होतं.

1390 च्या सुमाराच्या ‘फॉर्म ऑफ क्युरी’ या इंग्रजी पाकग्रंथाशी काहीजण नातं जोडतात. ते खरं नाही. तिथला शब्द फ्रेंच, अर्थ ‘रांधणं’. आपल्या करीचं मूळ त्याहून कितीतरी जुनं. संगमकाळच्या तमिळ काव्यात ‘करी’ म्हणजे मिरी. 1747 मध्ये हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेने छापलेल्या करीतही मिरची नव्हती. तिखटपणा मिऱ्यांचा, सोबत भाजलेले धणे.

कोशातला अर्थ मला सगळ्यात पटतो: बेचव भाताला रुची आणणारं थोडंसं काही. आपण त्याला तोंडीलावणं म्हणतो. कावेरीकाठच्या भातखाऊ मुलखात ते कोरडं असो वा ओलं, मान भाताचाच. इंग्रजांच्या टेबलावर मात्र तोंडीलावणंच मुख्य पदार्थ झालं आणि भात बाजूला सरला.