धुळीपासून धरणीकडे

सन १८७५ मध्ये त्या वेळच्या मध्यप्रांतातील रायपूर जिल्ह्यात, सीताथली येथे, आकाशातून एक पाषाण पडला. शास्त्रज्ञांनी त्याची गणना ‘एच-५’ या वर्गात केली आहे. या वर्गातील पाषाणांत लोहकण विपुल असतात, आणि मिलिमीटरच्या सुमारे एक-तृतीयांश आकाराच्या वाटोळ्या गोलिकाही आढळतात. या गोलिका म्हणजे पृथ्वी घडण्यापूर्वी अवकाशात वितळून पुन्हा थिजलेली धूळ होय.

सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी बालसूर्याभोवती वायू व धूळ यांची एक विशाल चकती फिरत होती. तिच्यातील आरंभीचे कण मिलिमीटरच्या सहस्रांशाएवढेच होते. दोन कण मंद गतीने भिडले, की पृष्ठभागांच्या सूक्ष्म आकर्षणाने ते चिकटत. घराच्या कोपऱ्यात धुळीचे पुंजके साचतात, तसेच तेथेही भुसभुशीत पुंजके साचत गेले.

परंतु ही वाढ निर्वेध चालत नाही. कण मिलिमीटरभर झाले, की टकरीचा जोर वाढतो. ते चिकटण्याऐवजी उसळतात, पुढे तर फुटूनही जातात. दुसरे संकट याहून बिकट आहे. वायूला स्वतःच्या दाबाचा आधार असल्याने तो सूर्याभोवती किंचित सावकाश फिरतो. त्यामुळे खड्याला सतत समोरून वारा लागतो, त्याची गती खुंटते आणि तो सूर्याकडे घसरू लागतो. पृथ्वीएवढ्या अंतरावरील मीटरभर धोंडा केवळ शंभरेक वर्षांत सूर्यात जाऊन पडेल! मग पृथ्वी घडली कशी?

सन २००५ मध्ये यूडिन आणि गुडमन यांनी गणिताने एक वाट दाखविली. खडे दाटीने जमले, की ते भोवतालच्या वायूलाही आपल्याबरोबर ओढतात. त्यांना होणारा वाऱ्याचा विरोध कमी होतो, आणि बाहेरून घसरत येणारे खडे त्या दाटीत अडकतात. दाटी पुरेशी वाढली, म्हणजे ती स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने कोसळून अनेक किलोमीटरांचा पिंड बनते. मीटरभर धोंड्याची घातक अवस्था अशा रीतीने ओलांडली जाते. सन २०१४ मध्ये चिली देशातील आल्मा दुर्बिणीने सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या ‘एचएल टॉरी’ या तरुण ताऱ्याभोवती धुळीची स्पष्ट कडी टिपली. धूळ सर्वत्र सारखी न पसरता ठिकठिकाणी साचते, हे त्यावरून दिसून आले.

सीताथलीच्या पाषाणाच्या वर्गनामातील ‘५’ हा अंक तापल्याची खूण आहे. मूळ पिंडाच्या पोटात, मुख्यतः किरणोत्सर्गी ॲल्युमिनियमच्या उष्णतेने, असे पाषाण सुमारे ७०० अंश सेल्सियसपर्यंत तापले आणि गोलिकांच्या कडा पुसट झाल्या. इतकी उष्णता लहानशा खड्यात टिकत नाही; तिला किलोमीटरगणती जाड आवरण लागते. तेव्हा त्या पुसट कडाच साक्ष देतात, की ही धूळ सूर्यात पडून नष्ट झाली नाही, ती वाढली.