अनवाणी माणूस गरीब कुठे ठरतो?

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळात दर्शनाच्या रांगेत साखर कारखान्याचा संचालक असो, गुजरीतला सराफ असो की ऊस तोडणारी बाई, सगळे अनवाणी. लाज कुणालाच वाटत नाही. मग सगळे बाहेर येऊन चपला घालतात, आणि ज्याच्याकडे त्या मुळातच नाहीत तो उठून दिसतो. पाय तेच, उंबरठा ओलांडताच तो गरीब झाला!

अॅडम स्मिथला हे १७७६ साली दिसलं, तेही पायांतच. त्याने लिहिलं, की इंग्लंडमध्ये अगदी गरिबालाही चामडी बुटांशिवाय चारचौघांत जायची लाज वाटते. स्कॉटलंडमध्ये पुरुषांना वाटते, पण त्याच थरातल्या बायका खुशाल अनवाणी फिरतात. फ्रान्समध्ये दोघांनाही वाटत नाही. चपलेला आपलं नाव देणाऱ्या गावात हे वाचताना मी थक्क होतो.

पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये गरिबी मोजली ती माणशी रोजच्या २,२५० उष्मांकांवरून. खेड्यात त्यासाठी १९६०-६१ च्या भावाने महिना १५ रुपये लागत. ते मोजमाप हवंच होतं. भुकेला शेजारी लागत नाही. लाजेला लागतो.

किती लागतो, हे ओडिशातल्या एका प्रयोगात दिसलं. ब्रेझा, कौर आणि शामदासानी या अर्थतज्ज्ञांनी मजुरांचे तिघातिघांचे गट केले. काही गटांत तिघांना सारखाच रोज, काहींत थोडा कमीजास्त. आता कमाल बघा: कमी रोज दोन्हीकडे तेवढाच, तरी सोबत्याला जास्त मिळतंय म्हटल्यावर माणसाचं काम घसरलं. कुणी किती काम केलं हे कळायला मार्ग नव्हता, तिथे विषम रोजाच्या गटांची हजेरी शंभराला १८ ने पडली. हातचा रोज सोडून माणसं घरी बसली! जास्त काम करणाऱ्याला जास्त मिळतंय हे डोळ्यांना दिसत होतं, तिथे मात्र हा परिणाम उरला नाही.

आता शिरोळ-कागलकडचा उसाचा फड आठवा. बीडहून ऊसतोडीला आलेलं कुटुंब कोपीत, म्हणजे झोपडीत राहतं, पलीकडे बागायतदाराचा बंगला. हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाशी ठरते, मजुरी टनावर मिळते. त्यांची पोरं हंगामभर स्वतःला कुणाशी ताडून बघत असतील, शेजारच्या कोपीतल्या पोरांशी की बंगल्यातल्या? गावी परतल्यावर ते माप पुन्हा बदलत असेल का? उचल ठरताना हे कुणीच विचारत नाही.